परदेशी बाई कुठं राहते

वरची खोली त्या बाईला दिली तेव्हा गल्लीतल्या कोणालाच ते पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही पुरतं पटलेलं नव्हतं. खाली आमचं हळद-मिरचीचं कांडप, त्यामागे आम्ही दोघं नवराबायको राहतो, आणि बाहेरच्या जिन्याने वर गेलं की गच्चीवर ती एक खोली. आधीचा भाडेकरू बदली होऊन गेला आणि खोली उन्हाळाभर रिकामी पडली. रिकाम्या खोलीत कबुतरं शिरतात. म्हणून आडत दुकानातले शेठ तिला घेऊन आले, तेव्हा मी तिला निदान दारातून परत पाठवलं नाही.

बाई व्हिएतनामची. तिच्याकडची एक कंपनी आमच्या भागातली हळद विकत घेते. शेतात काय फवारलं, हळद कशी शिजवली, कुठं वाळवली, हे पाहायला कंपनीने तिला इथं ठेवलेलं होतं. वय तिशीच्या आसपास, एकटी. आधी ती नांदेडला लॉजवर राहून रोज ये-जा करायची. मग तिने आमच्या गावात खोल्या पाहिल्या आणि सगळीकडून नकार आला. एकाला एकटी बाई नको होती, एकाला घरात मासळी शिजलेली नको होती, एकाला पोलिसांत आपलं नाव जायला नको होतं. एकाने तर होकार दिला, आणि ती सामान घेऊन पोचली तेव्हा तो दाराला कुलूप लावून पाहुण्यांकडे निघून गेला होता.

"ताई, बाई सरळ आहे," शेठ म्हणाले. "कंपनीची हमी आहे."

"हमी लेखी द्या. आणि विचारा तिला, माणसं किती येतील-जातील."

तिने फोनमध्ये काहीतरी म्हटलं. फोनमधली भाषांतर करणारी बाई मराठीत बोलली, "माझ्याकडे माणूस नाही." हे उत्तर मला पुरेसं वाटलं.

बाहेरच्या देशातलं माणूस घरात ठेवलं की घरमालकाने ते पोलिसांना ऑनलाइन कळवायचं असतं. मी ते दुसऱ्याच दिवशी करून टाकलं. त्यासाठी पासपोर्टची झेरॉक्स मागितली तर तिने झेरॉक्सवर तिरप्या रेघा मारून इंग्रजीत लिहिलं, फक्त पोलिसांसाठी, आणि खाली सही केली. आमच्या ह्यांना तो आगाऊपणा वाटला. मला ते आवडलं. आपल्याकडच्या लोकांनीही आधारकार्डाच्या झेरॉक्सचं असंच करायला हवं.

गल्लीने तिला नेपाळी ठरवलं. आमच्याकडे फॉरेनची बाई म्हणजे उंच, गोरी, भुऱ्या केसांची, गळ्यात कॅमेरा अडकवलेली. ही बुटकी, काळ्या केसांची, डोक्याला रुमाल बांधून शेठच्या गाडीत मागे बसून जाणारी. मी एकदोनदा सांगून पाहिलं की ही व्हिएतनामची आहे.

"व्हय, तेच की, नेपाळाकडचं," समोरच्या वहिनी म्हणाल्या.

या वहिनी म्हणजे आमच्या समोरच्या घरातल्या. दुपारभर ओट्यावर गोधडी शिवत बसतात. त्यांच्या ओट्यावरून आमचा जिना, गच्ची, पाण्याची टाकी आणि वरच्या खोलीचं दार, सगळं दिसतं. बाई आल्यापासून त्यांची गोधडी जरा हळू चालायला लागली.

"पिशव्यात माती भरून आणती ती," त्यांनी मला सांगितलं. "काहून?"

"तपासायला."

"तपासायला एवढी? आपल्या मातीत काय हाय ते तिकडं नेऊन बघतील, तिथंच हळद लावतील, मग आपली हळद कोण घेईल?"

मी ते उडवून लावणार होते. पण त्याच आठवड्यात मी तिला आमच्या विजेच्या मीटरचा फोटो काढताना पाहिलं. मीटर कशाला, असं विचारलं तर फोन म्हणाला, "पत्ता." पत्त्यासाठी वीजबिल तर मी स्वतःच्या हाताने दिलं होतं. मग मीटर कशाला? बिल खोटं आहे असं वाटलं का हिला? त्या दिवसापासून मीही जिन्यावर पाय वाजला की मान वर करायला लागले.

तीही काही कमी नव्हती. नळावर पाणी भरायला खाली यायची तेव्हासुद्धा खोलीला कुलूप. मी टाकी बघायला वर गेले की दारात येऊन उभी राहायची, मी खाली उतरेपर्यंत. भाड्याची पावती दिली तर तिचाही फोटो काढून तो कोणालातरी पाठवायची. अधूनमधून दोन-तीन रात्री गायब असायची. विचारलं की गावाचं नाव सांगायची, हट्टा. हट्ट्याकडे हळद शिजवायचे कुकर रात्रीही चालतात हे मला ठाऊक आहे. पण रात्री कुकरजवळ बसणारी बाई मी आजवर पाहिलेली नाही.

एक भांडण मात्र उघड झालं. तिच्याकडे मासळीच्या अर्काची एक बाटली होती. ती भाजीत घातली की वास जिन्याने खाली उतरायचा आणि गिऱ्हाईक हळदीच्या पिशवीत नाक घालून बघायचं. धंद्याचा प्रश्न होता. मी वर जाऊन सरळ सांगितलं, "हा वास असाच येणार असेल तर दुसरी खोली बघ." फोनने ते तिला सांगितलं. ती "ठीक," म्हणाली. त्यानंतर बाटली कांडप बंद झाल्यावरच उघडायची. माझ्यापुरता विषय संपला. तिच्यापुरता तो संपला नव्हता, हे मला पुढे कळलं.

तिचा व्हिसा वर्षाचा होता. तो संपत आला तेव्हा ती एका सकाळी खाली आली, गिऱ्हाइकांच्या बाकावर बसली आणि फोन माझ्यासमोर धरला. फोनने सपाट आवाजात सगळं सांगितलं. मुदत वाढवण्याचा अर्ज केला आहे. ती वाढली तर पुढची हळद निघेपर्यंत इथं राहता येईल. नाही वाढली तर देश सोडावा लागेल. कंपनीने तिला दोन हंगामांच्या तपासणीसाठी घेतलेलं आहे. अर्ध्यात परत गेली तर तिकडे नोकरीही नाही. शेवटी फोन म्हणाला, "पोलीस घरी येईल. तुम्ही सांगा, मी येथे राहते."

"सांगीन की," मी म्हटलं. "राहतेसच तर सांगायला काय."

तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

पोलीस येईल म्हणून ती बरेच दिवस शेतांवर गेलीच नाही. खोलीचं दार उघडं ठेवून बसायची. खाली मोटारसायकल थांबली की कठड्यावरून वाकून बघायची. शेवटी शेठचे निरोपावर निरोप यायला लागले, तेव्हा नाइलाजाने कामावर गेली. मी दिवसभर दुकानातच असते. माझ्याकडे कोणी पोलीस आला नाही.

आणि मग उत्तर आलं. ती जिना उतरली ती धावतच. कांडप चालू होतं, मिरचीचा खकाणा उडत होता, तरी ती आत शिरली आणि मोबाइल माझ्या तोंडापुढे धरला. इंग्रजी मला वाचता येतं. दिलेल्या पत्त्यावर अर्जदार राहत नाही, पत्ता सोडून गेल्याचा स्थानिक पोलिसांचा अहवाल आहे, आठ दिवसांत खुलासा करा, नाहीतर अर्ज फेटाळला जाईल.

मी मशीन बंद केलं.

"काकू," ती म्हणाली. एवढं मराठी तिला येत होतं. "तुमी सांगितलं?"

"काय सांगितलं?"

ती फोनमध्ये बोलली. फोन म्हणाला, "तुम्हाला वास नको होता. तुम्ही म्हणाला होता, दुसरी खोली. तुम्ही पोलिसाला सांगितले की मी गेले."

मला राग आला. घालवायची असती तर मी तिला तोंडावर घालवली असती, त्यासाठी पोलीस कशाला हवा? पण राग येता येताच दुसरा विचार आला. हिनेच कुठं दुसरा पत्ता दिलेला नाही ना? त्या हट्ट्याच्या रात्री, तो मीटरचा फोटो. एखाद्या ठिकाणी राहायचं, कागदावर दुसरं ठिकाण दाखवायचं, असं लोक करतात. आमच्या गावात रेशनकार्डासाठी केलेलं मी पाहिलं आहे.

"चल," मी म्हटलं. "ठाण्यात जाऊन विचारू. तुझ्यासमोर विचारते."

निघताना समोर ओट्यावर वहिनी होत्याच. सहज विचारलं, "वहिनी, मधल्या दिवसांत गल्लीत पोलीस आला होता का?"

"जमादार आल्ता की. लई दिवस झाले."

"कोणाकडं?"

"मला काय ठाव. मलाच विचारला, परदेशी बाई कुठं राहती. मी म्हणलं मागच्या गल्लीत, गावच्या टाकीजवळ. परदेशी तिथंच राहतात न्हाई का?"

इथं सांगायला हवं की आमच्या मागच्या गल्लीत एक घर आहे, त्यांचं आडनावच परदेशी. त्यांच्या कोण्या पूर्वजाने उत्तरेकडून येऊन इथं बस्तान मांडलं, त्याला आता इतक्या पिढ्या झाल्या की त्या घरातली माणसं माझ्याहून अस्सल मराठवाडी बोलतात. गावात परदेशी म्हटलं की ते घर. दुसरा अर्थ कोणाच्या मनातही येत नाही.

"मला काहून सांगितलं नाही?" मी विचारलं.

"तुमचं काय काम त्यात?" वहिनी म्हणाल्या आणि सुईत दोरा ओवायला लागल्या. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. खरंच कळलं नव्हतं, की कळून पाठवलं होतं? अजूनही मी ठामपणे सांगू शकत नाही.

ठाण्यात जमादार टेबलाशी बसलेले होते, बाजूला आणखी तिघं. मी बाईला पुढे केलं.

"हिच्या व्हिसाच्या चौकशीला तुम्हीच आला होता का?"

त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ही तर नेपाळी दिसती."

"व्हिएतनामची आहे. माझ्याकडं राहते."

"आता ठाण्यात हजर हाय म्हणून पत्त्यावर राहती असं होत न्हाई, ताई." बोलणं समजावं म्हणून बाईने फोन वर धरला होता. "अन तो फोन बंद करायला सांगा. हितं रेकॉर्डिंग चालत न्हाई."

तिने फोन खाली घेतला. त्यानंतर आम्ही काय बोललो ते तिला काहीही कळलं नाही. आमच्या दोघांच्या तोंडाकडे ती आळीपाळीने बघत राहिली.

जमादारांनी फाइल काढली आणि वाचून दाखवलं. समक्ष जाऊन चौकशी केली असता सदर परदेशी बाई ही सध्या राहत्या घरी राहत नसून माहेरी निघून गेल्याचे घरातील कर्त्या माणसाने सांगितले.

"माहेरी?"

"माहेरी म्हणजे तिच्या देशात. मी तसंच धरलं. म्हणून पत्ता सोडून गेली असं वर कळवलं."

"कर्ता माणूस कसा होता दिसायला?"

"म्हातारा. मोठ्या मिशा. धोतर."

आमचे हे शर्ट-पँट घालतात आणि रोज दाढीमिशा तासतात. हे वर्णन मागच्या गल्लीतल्या परदेशी काकांचं. काय झालं ते मला तिथंच कळलं. पण बाकीचे तिघं कान देऊन ऐकत होते. चारचौघांत जमादाराची चूक काढली तर तो ती चूक खरी करून दाखवतो. मी एवढंच म्हटलं, "घर चुकलं असेल."

"मी दारावर उभा राहून विचारलं, परदेशी बाई हितंच राहती का. व्हय म्हणले, राहत होती. चूक असल तर त्या म्हाताऱ्याला घेऊन या. तो म्हणू द्या, चूक झाली. मग बदलतो."

बाईला घरी पाठवून मी थेट मागच्या गल्लीत गेले. सोपं काम वाटत होतं. काकांना सांगायचं की जमादार तुमच्या सुनेसाठी नव्हे, माझ्या भाडेकरणीसाठी आला होता, आणि ठाण्यात येऊन दोन शब्द बोला.

दार त्यांच्या सुनेने उघडलं.

ही सून दिवाळीपासून कळमनुरीला, माहेरी होती. का गेली ते गल्लीला माहीत होतं. घरात भांडण, नवरा बोलेना, सासरा बोलला की शिव्याच. तिला परत नेता का म्हणून तिच्या वडिलांनी दोन माणसं पाठवली, तर काकांनी चहा न पाजता परत पाठवली होती. आणि आता ती दारात, हाताला पीठ, मला "या की काकू," म्हणत होती.

"कधी आलीस?"

"झाले की दिवस." तिने मला स्वयंपाकघरात नेलं आणि आवाज खाली केला. "मामांजीच आले घ्यायला. स्वतः. हिकडं जमादार आल्ता म्हणं, परदेशी बाई कुठं हाय विचारीत. मामांजीला वाटलं मी तक्रार केली. दुसऱ्या दिवशी एसटीत बसून कळमनुरीला आले. माझ्या वडलांला हात जोडले."

"तू केली होतीस तक्रार?"

"न्हाई. आमच्यात कोण करतं?" ती पोळी लाटायला लागली. "पण मी न्हाई केली असं बी म्हणले न्हाई. विचारीत बी न्हाईत. आता नीट बोलतात सगळे. हे बी बोलतात."

तिने लाटणं थांबवलं.

"काकू, तुमी काहून आल्या?"

मी तिला खरं ते सांगितलं. तिने ते ऐकून घेतलं, पोळी तव्यावर टाकली आणि म्हणाली, "त्यांला सांगू नका. जमादार माझ्यासाठी आलाच नव्हता हे कळलं तर पुन्हा तेच सुरू होईल."

तेवढ्यात काका बाहेरून आले. मला बघून दारातच थांबले. आधी माझ्याकडे, मग सुनेकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"काय ताई, आज हिकडं?"

"मिरची कधी कांडायची ते विचारायला आले. गर्दी वाढायच्या आत आणा."

"आजवर तर कधी घरी येऊन विचारलं न्हाई तुमी."

"आजवर एवढी गर्दी नव्हती," मी म्हटलं आणि निघाले.

मी दयाळू वगैरे नाही. पण एक घर कसंबसं चालू झालेलं, ते आपल्या हाताने पाडायचं काम मला करायचं नव्हतं. दुसरीकडे वर एक बाई खुलाशाची वाट बघत बसलेली. तिचं काम माझ्या अंगावर होतं, कारण पत्ता माझा होता.

घरी आले तर ती जिन्यातच उभी. "झालं?"

"नाही झालं. दुसरा रस्ता काढावा लागेल."

फोनने ते सांगितलं. तिने विचारलं, पोलीस काय वाचत होता. मी सांगितलं, तू माहेरी गेलीस असं लिहिलंय. फोनने माहेरचं काय केलं कोण जाणे, तिचा चेहराच बदलला. फोन म्हणाला, "माझ्या आईच्या घराबद्दल पोलिसाला कोणी सांगितले?" मागच्या गल्लीतलं आडनाव, सून, सासरा, हे सगळं तिला समजावायचा मी प्रयत्न केला. फोनने त्याचं जे केलं ते ऐकून मलाच ते खोटं वाटलं. ती वर गेली. संध्याकाळी बॅगेच्या चेनचा आवाज खालपर्यंत आला. ती सामान भरत होती. मी अडवायला गेले नाही. सांगण्यासारखं काही हातात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जमादार चहाच्या टपरीवर एकटे सापडले. तिथं मी सरळ बोलले.

"तुम्ही गेलात त्या घराचं आडनाव परदेशी. तुम्ही परदेशी बाई विचारलीत, त्यांनी सुनेचं सांगितलं. सून माहेरी होती."

जमादारांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "आयला." मग, "तरी म्हणलं म्हातारा हात काहून जोडून राहिला."

"आता पुन्हा तिथं जाऊ नका. गेलात तर ती सून परत माहेरी जाईल."

मी कारण सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकलं. त्यांचाही फायदा होता. आडनावाला देश समजल्याचं ठाण्यात कळलं असतं तर निवृत्तीपर्यंत त्यांना ते ऐकावं लागलं असतं.

"मग असं करू," ते म्हणाले. "चौकशीच्या वेळी भाडेकरू कामानिमित्त बाहेरगावी होती, आज समक्ष भेटली, असं नव्याने लिहितो. पण आधी न्हाई म्हणून गेलंय. आता व्हय लिहायचं तर एका शेजाऱ्याचा जबाब लागल. सहीसकट. तुमची न्हाई चालायची, तुमी घरमालक."

सही म्हटलं की आमच्या गल्लीत दारं लागतात. डावीकडच्यांनी सांगितलं, मुलाची पोलीस भरती चालू आहे, आमचं नाव कुठं नको. उजवीकडचे म्हणाले, बाईला आम्ही कधी पाहिलंच नाही, आणि हे म्हणताना ते तिच्याच वाळत घातलेल्या कपड्यांखाली उभे होते. राहिल्या समोरच्या वहिनी. त्यांच्याकडे मी सगळ्यात शेवटी गेले, कारण घोळ त्यांच्यामुळेच झाला होता.

"जबाब म्हणजे काय सांगायचं?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही जे पाहता ते."

"सगळं?"

"सगळं."

जमादार आले, आमच्या दुकानाच्या बाकावर बसले. बाईला मी खाली बोलावलं. या वेळी फोन चालू ठेवायला त्यांनी हरकत घेतली नाही. वहिनी पदर खोचून समोर उभ्या राहिल्या.

"ही बाई इथं राहते का?"

"राहती की. मागच्या पावसाळ्यापासून राहती. सकाळी उठली की आधी टाकीचं झाकण उघडून बघती, मग दात घासती. शेठची गाडी आली तर जाती, न्हाई आली तर रिक्षाला हात करती. बुटाला चिखल असला की खालच्या पायरीवर बूट काढती, वर नेत न्हाई. मातीच्या पिशव्या आणती, त्यावर चिठ्ठ्या लावती. टाकीमागं मासे वाळू घालती, मांजर आलं की चप्पल हाणती. आईतवारी फोनवर रडती. रडून झालं की झाडू मारती. माणूस कोणी येत न्हाई. मी लक्ष ठेवलं, कोणीच येत न्हाई. शेठ येतात ते बी खालूनच हाका मारतात."

जमादारांची लेखणी थांबली होती. "मावशी, तुमी पाळत ठेवता काय?"

"ठेवू न्हाई तर काय करू? अनोळखी बाई, माती घेऊन जाती. आपल्याला नको का ठाव?"

"हट्ट्याला रात्री राहायला जाते तेव्हा?" मी विचारलं. मला माझंही उत्तर हवं होतं.

"सकाळी येती तव्हा कपड्याला हळदीच्या वाफेचा वास असतो. खालून गेली की कळतं. डोळे लाल. जागरण करूनच येती ती."

एवढ्या महिन्यांत मी जिन्याखाली बसून हे जाणून घेऊ शकले नव्हते.

"बस झालं," जमादार म्हणाले. "राष्ट्रीयत्व परदेशी लिहितो."

"परदेशी लिहू नका," मी म्हटलं. "व्हिएतनामची लिहा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि खोडून तसं लिहिलं. वहिनींनी जबाब दोनदा वाचून दाखवायला लावला. मासे वाळू घालण्याचं त्यात आलं नाही म्हणून त्या नाराज झाल्या. मग सही केली, मोठी, पूर्ण नाव, माहेरच्या आडनावासकट.

बाई इतका वेळ फोन कानाशी धरून उभी होती. फोन तिला वहिनींचं बोलणं तुकड्यातुकड्याने सांगत होता. मला वाटलं, आता ती आभार मानेल. ती वहिनींच्या ओट्याकडे बघत होती, तिथून आपल्या दारापर्यंतची रेघ डोळ्यांनी मोजत.

मुदतवाढ मिळाली. पुढच्या हळदीपर्यंतची. तिने मोबाइल आणून दाखवला आणि मला एक डबा दिला, त्यात तिळाच्या वड्या होत्या, गोडाला कमी. मग तिने बॅग उघडली, सामान पुन्हा लावलं, आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून हिरवं जाड कापड आणून गच्चीच्या त्या बाजूला पडदा बांधला.

"बघा," वहिनी मला म्हणाल्या. "मी सही दिली, अन ती पडदा लावून राहिली. काय असंल तिकडं?"

"काही नाही."

"काही न्हाई तर पडदा काहून?"

त्यांनी गोधडी ओट्याच्या दुसऱ्या टोकाला नेली. तिथून थोडंफार दिसत असावं.

काका मिरची घेऊन आले ते त्यानंतर. रांगेत बसले होते तेव्हा बाई जिना उतरून बाहेर गेली. काकांनी तिला पाहिलं. मग माझ्याकडे वळले.

"तुमच्याकडं जमादार आल्ता म्हणं."

"आला होता."

"काहून?"

"भाडेकरणीचा कागद होता."

काकांनी मिरचीच्या पिशवीची गाठ आवळली. "मग आमच्याकडं काहून आल्ता तो?"

"तुमच्याकडं कधी?"

"आल्ता."

"मला काय ठाऊक, काका. ठाण्यात जाऊन विचारा त्यांनाच."

त्यांनी मान हलवली. "काहून विचारायचं. नको." मग मिरचीची पिशवी उचलून माझ्यापुढे ठेवली. "बारीक काढा म्हणली सून. जाड तिला चालत न्हाई."